फोटोवरून प्रवाळातलं शैवाल किती गेलं ते मोजता येईल का?

यावलची_लेक
घरी केळीची बाग, शिकते एम.एस्सी. प्रकल्पासाठी मालवणला किल्ल्याजवळ प्रवाळाच्या तीन वसाहतींचे फोटो काढले, नोव्हेंबरात आणि पुन्हा मेमध्ये. मेमध्ये दोन वसाहती फिक्या दिसल्या. तपकिरी रंग उतरून पिवळट झालाय. 'फिकी पडली' एवढंच लिहायचं नाहीये मला, प्रवाळाच्या आत राहून त्याला रंग देणारं शैवाल किती गेलं ते सांगायचंय. खोली दोन्ही वेळा साधारण तीन मीटर. पण नोव्हेंबरात लख्ख ऊन होतं, मेमध्ये ढग. वसाहतीचा नंबर लिहिलेली पांढरी पाटी प्रत्येक फोटोत आहे.

खोलपाणी
ताई, जमतं. शैवालातलं हरितद्रव्य 675 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषून घेतं. शैवाल गेलं की तोच प्रकाश खालच्या पांढऱ्या सांगाड्यावरून परत येतो आणि फोटोतला लाल रंगाचा आकडा वाढतो. इमेजजे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो वाचता येतो. अडचण अशी, की पाणीसुद्धा सगळ्यात आधी लालच खातं. म्हणून प्रवाळाच्या लाल आकड्याला त्याच फोटोतल्या पाटीच्या लाल आकड्याने भागायचं. पाटी प्रवाळाइतक्याच अंतरावर होती ना? आणि फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः फेरफार न केलेले, आहेत का?

यावलची_लेक
पाटी वसाहतीला टेकवूनच धरली होती. फोटो जेपीईजी, सगळं ऑटोवर. आत्ता बघितलं: पाटीचा लाल आकडा नोव्हेंबरात 231, मेमध्ये तिन्ही फोटोंत 255.

खोलपाणी
255 म्हणजे त्यापुढे मोजायला जागाच उरली नाही. ढगामुळे कॅमेऱ्याने उजेड वाढवला आणि पाटी पांढरीफटक झाली. मेच्या फोटोंवरून भागाकार करू नका.

नवापूरचा_भात
भाऊ, हाऊ तर आपला पानना रंगना तक्ता शे! भाताला युरिया द्यायचा का ते आम्ही पान तक्त्याला लावून ठरवतो. उन्हाकडे पाठ करून, पान आपल्या सावलीत घेऊनच बघायचं, आणि दरवेळी त्याच माणसाने.

खोलपाणी
अगदी तसाच तक्ता प्रवाळासाठी आहे, क्वीन्सलंड विद्यापीठाच्या कोरलवॉचचा, 2002 पासून. 1 ते 6 पायऱ्या. दोन पायऱ्यांचा फरक पडला तर शैवाल किंवा त्यातलं रंगद्रव्य खरंच घटलं असं धरतात.
आता तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल, ताई. रंग उतरला म्हणजे पेशीच गेल्या असं नाही. पेशी तेवढ्याच राहून प्रत्येकीतलं हरितद्रव्यही कमी होतं. शिवाय निरोगी प्रवाळातही उन्हाळ्यात शैवाल थोडं घटतं. आकडा पेशींत सांगायचा तर तुकडा तोडून, ऊती धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली मोजावं लागतं. निरोगी प्रवाळात एका चौरस सेंटीमीटरला दहा लाखांच्या घरात पेशी भरतात. पण आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. परवानगीशिवाय तुकडा तोडू नका, मार्गदर्शकांनी सांगितलं तरीही.

यावलची_लेक
तोडणार नाही, दादा. दोन दिवस पाण्यात त्यांच्यासमोर घालवलेत मी, तिसरीच्या फटीत एक छोटा मासा राहतो. अहवालात 'पेशी' हा शब्द काढून 'रंगाची घट' लिहिते, आणि मेचे आकडे वगळल्याचं कारणासकट सांगते. पांढऱ्याऐवजी राखाडी पाटी हवी ना? जळगावात राखाडी पीव्हीसीचे तुकडे सहज मिळतात.

खोलपाणी
चालेल. पॉलिशपेपरने घासून चमक घालवा. रंग नेमका राखाडी नसला तरी हरकत नाही, दरवेळी तोच तुकडा वापरा. व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर हाताने लावा. फोटो रॉमध्ये घ्या, दोन्ही वेळा साधारण एकाच तासाला.

यावलची_लेक
नोव्हेंबरात परत जातेय. तुकडा आजच कापून घेते.