मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्ड बदलू की प्रोसेसर? बजेट २२ हजार, लवकर सांगा

भुसावळचा_गडी
नवा १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला तरी गेम अडखळतोच. व्हॅलोरंटला सेकंदाला १२०च्या आसपास फ्रेम मिळतात, मारामारी सुरू झाली की ७०वर आपटतात. जीटीए ५ मध्ये गाडी जोरात पळवली की झटके. कार्ड १६६० सुपर आहे. रविवारी जळगावला चाललोय, गोलाणी मार्केटमधून तेव्हाच घेऊन येणार. आरएक्स ६६०० घेऊ की आरटीएक्स ३०५०? एवढंच सांगा, फाटे फोडू नका.

शेवभाजी_धुळे
६६००. ८ जीबी, १३२ वॅट, ३०५०च्या बरीच पुढे. विषय संपला.

तापीकाठ
संपला कसा? प्रोसेसर कोणता, मदरबोर्ड कोणता, रॅमच्या पट्ट्या किती नि कुठल्या खाचेत, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) कोणता, मॉनिटरचं रेझोल्यूशन किती? कार्ड सोडून यांनी काहीच सांगितलेलं नाही. आणि व्हॅलोरंट हा प्रोसेसरवर चालणारा गेम. त्यात १६६० सुपर कमी पडणं कठीण.

केळीचे_वेफर्स
एवढ्या पैशात थोडी भर घालून कन्सोल घ्या. ड्रायव्हर नको, बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) नको.

भुसावळचा_गडी
कन्सोल नको आहे. प्रोसेसर रायझन ५ २६००, रॅम १६ जीबी, बोर्ड बी४५०, मॉनिटर १०८०पी. बाकी नेहमीचंच.

तापीकाठ
या ‘नेहमीच्याच’मध्येच घोळ असतो. खरेदीआधी अर्धा तास खर्च करा.

एमएसआय आफ्टरबर्नर (कार्डावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) टाका, त्यासोबत येणारा रिव्हाट्यूनरही. पडद्यावर चार गोष्टी दिसू द्या: कार्डाचा वापर टक्क्यांत, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (कामाच्या रांगेचा) वापर वेगवेगळा, फ्रेमटाइमचा (एक फ्रेम यायला लागणाऱ्या वेळेचा) आलेख, दोघांचं तापमान. व्ही-सिंक (मॉनिटरच्या वेगाला फ्रेम बांधणारी सोय) आणि फ्रेमवरची मर्यादा काढा, नाहीतर आकडे फसवतील. मग झटके येतात त्याच जागी दहा मिनिटं खेळा. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर सतत असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ६०वर रेंगाळत असेल आणि फ्रेम तरी वाढत नसतील तर कार्ड नुसतं वाट बघत बसलंय, दोष मागे कुठेतरी आहे.

पडताळा हवा असेल तर गेमचं रेझोल्यूशन ७२०पी करा. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर कार्ड बदलून कवडीचा फरक पडणार नाही.

मेहरूणची_बोरं
आधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ निवडलंय का ते बघा. विंडोज पुष्कळदा आपणहून ६०वर ठेवतं. जुन्या प्रकारच्या एचडीएमआयवर १०८०पीला बहुतेकदा १२०च्या वर जाता येत नाही, डिस्प्लेपोर्टची केबल लावा.

भुसावळचा_गडी
१४४वरच आहे, केबल डिस्प्लेपोर्टचीच. आकडे घ्या: कार्ड ५० ते ६० टक्के. प्रोसेसर ५५ टक्के, त्यातला एक थ्रेड ९५ ते १००. ७२०पीला फ्रेम जवळपास तेवढ्याच. म्हणजे प्रोसेसरही अर्धा रिकामा, कार्डही अर्धं रिकामं. मग दोष कुणाचा? शेजारच्याचा?

तापीकाठ
प्रोसेसर रिकामा नाही. २६००ला ६ कोर आणि १२ थ्रेड आहेत. टास्क मॅनेजर दाखवतो ती बाराही थ्रेडची सरासरी. गेमचा मुख्य थ्रेड एकटाच तापलेला असतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. शंभर टक्क्यांचा तो एक थ्रेड हीच तुमची भिंत.

आता रॅम. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. वेग किती लिहिलाय? आणि कॅबिनेट उघडून पट्ट्या कुठल्या खाचांत आहेत ते बघा.

भुसावळचा_गडी
वेग २१३३. पट्ट्या ८-८च्या दोन, पाकिटावर ३२०० लिहिलंय. चार खाचांपैकी प्रोसेसरकडून पहिल्या दोन भरलेल्या आहेत. दुकानदारानेच बसवून दिल्यात.

मेहरूणची_बोरं
सापडलं. दोन्ही पट्ट्या एकाच चॅनलवर (रॅम ते प्रोसेसर या वाटेवर) बसल्यात. प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरायची. वर एक्सएमपी (रॅमला पाकिटावरचा वेग देणारं बायोसमधलं सेटिंग) बंद, म्हणून ३२००ची रॅम २१३३ने रांगतेय.

शेवभाजी_धुळे
रॅमने असा कितीसा फरक पडतो? पाच-सहा फ्रेम. उगाच आशा लावू नका.

मेहरूणची_बोरं
इंटेलच्या जुन्या मशीनवर कदाचित. या रायझनमध्ये कोरचे दोन गट आहेत, तीन-तीनचे. त्यांना जोडणारा आतला रस्ता रॅमच्याच घड्याळावर चालतो. रॅम २१३३वर तर तो रस्ताही मंद. म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी ब्रेक, आणि चॅनलही निम्मा. मारामारीत फ्रेम आपटतात त्या इथेच.

तापीकाठ
क्रम असा. मशीन बंद, मागचं बटण बंद, प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच पट्ट्या काढा. दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा. अर्धवट बसली तर डिस्प्ले येत नाही आणि माणूस उगाच घाबरतो. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात.

२६००ला एएमडीने अधिकृत वेग २९३३ सांगितलाय. ३२०० बहुतेकदा चालतो, पण मशीन दोन-तीनदा चालू-बंद होऊन परत २१३३वर आलं तर समजा झेपला नाही. तेव्हा प्रोफाइल तेच ठेवून वेग हाताने ३००० करा, नाहीतर २९३३.

सातपुडा
तुना एसएमपीएसना फोटो टाक पहिले. कार्डना मांगे नको पळू.

भुसावळचा_गडी
फोटो चढत नाही. ४५० वॅट लिहिलंय. प्लस १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. कार्डाची ८ पिनची वायर एसएमपीएसला नव्हती, दोन मोलेक्स (जुन्या प्रकारचे चार पिनचे प्लग) एकत्र करून जोड दिलाय.

सातपुडा
१२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे खरा आकडा हाच. ४५० ही डब्यावरची रांगोळी. १६६० सुपर एकटं १२५ वॅट घेतं. प्रोसेसर, पंखे आणि बोर्ड धरले की काठावर उभे आहात. ६६०० लावलं तर आणखी काठावर, आणि वीज क्षणभर उसळी मारते ती वेगळीच. असा एसएमपीएस जाताना कधी कधी बोर्डालाही सोबत नेतो.

८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र), ५५० वॅट, ८ पिनची स्वतःची वायर असलेला घ्या. लेबलवर १२ व्होल्टचे ४० अँपिअरच्या वर बघूनच पैसे द्या. दुकानात बॉक्स उघडायला लावा. आणि तो मोलेक्सचा जोड फेका, त्याच्या पिना सैल पडल्या की तापून प्लास्टिक वितळतं.

शेवभाजी_धुळे
माणूस फ्रेम मागतोय आणि तुम्ही त्याला डबा विकताय.

कपाशीचं_बोंड
एसएमपीएस बदलताना एक ध्यानात ठेवा. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असतं. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर लोडशेडिंगमध्ये वीज पलटताना मशीन रीस्टार्ट होऊ शकतं. साइन वेव्हचा इन्व्हर्टर हवा, आणि मागचं बटण यूपीएस मोडवर.

केळीचे_वेफर्स
यूपीएस मोडवर व्होल्टेज थोडं पडलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. शेतवस्तीवर मोटारी सुरू झाल्या की दिवसभर टकटक. बॅटरीचं पाणी आटतं.

कपाशीचं_बोंड
मग संगणकासाठी वेगळा छोटा यूपीएस घ्या, घराचा इन्व्हर्टर नॉर्मलवर ठेवा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच, आरओचं नाही.

धागा_राखण
बॅटरीच्या पाण्याला वेगळा धागा आहे.

भुसावळचा_गडी
पट्ट्या हलवल्या. ३२००ला तीनदा चालू-बंद होऊन परत आलं, २९३३ला चालू झालं. व्हॅलोरंट १५०च्या वर, मारामारीत ११०च्या खाली जात नाही. फुकटात! जीटीएचे झटके कमी झाले, गेले नाहीत. आता २२ हजारांचं काय करू? ६६००च ना?

तापीकाठ
नाही. कार्ड अजून वाट बघतंय. रायझन ५ ५६०० आणि एसएमपीएस, हे दोनच. ५६००मध्ये सहाही कोर एकाच गटात आणि ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) सगळ्यांना मिळून. २६००मध्ये १६ एमबी, तीही ८-८ अशी वाटलेली. दुकानात ५५०० पुढे केला तर घेऊ नका. नाव जवळचं असलं तरी कॅश १६च आहे. ५६००च्या बॉक्समध्ये पंखा येतो, ५७००एक्सच्या येत नाही.

कार्ड वर्षभराने बघा. तेव्हाही हा बोर्ड पीसीआयई ३.०चा (कार्ड नि बोर्ड यांतल्या जुन्या, मंद रस्त्याचा) आहे हे विसरू नका. ६६०० या रस्त्याच्या आठ लेनवर चालतं, त्याला थोडाच फटका बसेल. ६५०० एक्सटीला चारच लेन आणि ४ जीबी, ते या बोर्डावर फार मार खातं. स्वस्त म्हणून गळ्यात मारतील.

शेवभाजी_धुळे
एएम४, म्हणजे तुमच्या बोर्डावर प्रोसेसर बसतो तो, आता मेलेला सॉकेट. बोर्ड बदलून एएम५वर जा, पुढची पाच वर्षं बघायला नको.

मेहरूणची_बोरं
एएम५ म्हणजे नवा बोर्ड आणि नवी डीडीआर५ रॅम. २०२५च्या शेवटी रॅमचे भाव कुठे गेले ते पाहिलंत ना? २२ हजारांत प्रोसेसरची पाळीच येणार नाही. हातात चालती डीडीआर४ असताना ती फेकायची कशाला?

जीटीए कुठल्या डिस्कवर आहे? आणि विंडोज ११ आहे का?

भुसावळचा_गडी
जीटीए हार्ड डिस्कवर, विंडोज एसएसडीवर. विंडोज ११. बायोस २०१९चा दिसतोय.

मेहरूणची_बोरं
घ्या. गाडी जोरात पळवली की पुढचा रस्ता डिस्कवरून वाचायचा असतो, हार्ड डिस्क मागे पडते आणि झटका बसतो. गेम एसएसडीवर हलवा, साधी साटा चालेल.

आणि बायोस. विंडोज ११सोबत एएमडीच्या एफटीपीएमने (प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या सोयीने) अधूनमधून मशीन अडखळायचं. २०२२मध्ये एएमडीने ते मान्य केलं आणि दुरुस्ती नव्या बायोसमधून दिली. तुमचा त्याच्या आधीचा. ५६००साठी तो तसाही बदलावाच लागेल, २०१९चा बायोस ५६०० ओळखणारच नाही.

सातपुडा
बायोस चढवायची रीत नीट वाचा, कारण मध्येच लाइट गेली तर बोर्ड गेला. बोर्डावर छापलेलं पूर्ण नाव आणि रिव्हिजन लिहून घ्या. रिव्हिजन वेगळी असली तर फाइल वेगळी. फाइल कंपनीच्याच साइटवरून. आधी मधला एखादा बायोस टाकायला सांगितलाय का, ते तिथेच लिहिलेलं असतं. पेन ड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा. विंडोजमधून नको, बायोसच्या आतल्याच सोयीने चढवा. आणि हे सगळं २६०० बसलेला असतानाच.

त्याआधी विंडोजचं डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा आणि बिटलॉकरची (हेच डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की कागदावर लिहा. एफटीपीएम पुसला गेला की विंडोज ती मागतं. अपडेटनंतर सगळी सेटिंग मूळपदावर जातात, म्हणजे एक्सएमपी परत लावा. एफटीपीएम आणि सिक्युअर बूटही तपासा, नाहीतर विंडोज ११वर व्हॅलोरंट उघडणार नाही.

कपाशीचं_बोंड
आणि मशीन इन्व्हर्टरवर असताना नको. लोडशेडिंगची वेळ टाळून, पहाटे.

भुसावळचा_गडी
तापमान सांगायचं राहिलं. प्रोसेसर ८८ दाखवतोय. चालेल ना?

तापीकाठ
खोलीच ४२ अंशांची असली तर साध्या पंख्याने आणखी काय करावं? ९५ला प्रोसेसर स्वतःला आवरतो. खेळताना वेग ३.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे त्याच्या मूळ वेगाच्या, खाली गेला तर आवरतोय असं समजा. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर बाहेर काढा. कूलरच्या पट्ट्यांत कापसाचे पुंजके बसलेले असतील. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा.

शेवभाजी_धुळे
मी अजूनही ६६००च म्हणेन. धुळ्याला आलात तर वांग्याचं भरीत माझ्याकडून, पण कार्ड तुमच्या पैशाने.

मेहरूणची_बोरं
भरीत खायला माणूस धुळ्याला कशाला जाईल? आसोद्याचं वांगं जळगावला मिळतं.

भुसावळचा_गडी
ठरलं. ५६०० आणि ५५० वॅटचा ब्राँझ. २६०० तिथेच दुकानात देऊन काही कमी करून मिळेल का?

सातपुडा
रविवारी देऊ नका. बायोस आधी घरी चढवा, ५६०० बसवा, दोन दिवस चालवा, मग विका. नवा प्रोसेसर उठला नाही तर बायोसमध्ये शिरायला तोच लागेल. २६०० काढताना मशीन दहा मिनिटं चालवून प्रोसेसर नि कूलरमधली पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून प्लग काढा. कूलर आधी डावी-उजवीकडे फिरवून सैल करा आणि मगच उचला. थंड पेस्ट असताना सरळ उपसला तर या सॉकेटमधून प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. मग त्याचे कुणी काही देत नाही. बिलावर जीएसटी नंबर आणि दोन्ही वस्तूंचे सिरियल नंबर लिहून घ्या.