मदत हवी आहे: श्वास रोखल्यावर होणारी तगमग नेमकी कशामुळे होते?

नमस्कार. मानवी श्वसनाचा पाठ शिकवण्याची तयारी करताना एका मुद्द्यावर मी अडलो आहे, म्हणून जाणकारांची मदत हवी आहे.

श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात, त्यामुळे फुप्फुसांतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आत येते. पुढे वायुकोशांच्या अतिशय पातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात जातो व कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो, इथपर्यंत सारे स्पष्ट आहे. परंतु आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि उच्छ्वासातही तो सुमारे १६ टक्के असतो, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश ऑक्सिजन न वापरताच परत जातो. असे असताना थोडा वेळ श्वास रोखताच जीव इतका कासावीस का व्हावा? ‘ऑक्सिजन कमी पडतो’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, आणि विद्यार्थ्यांना ते तसेच सांगून मोकळे होणे बरोबर नाही.

याला जोडून दुसरी शंका: आधी भराभर खोल श्वास घेतले, तर श्वास अधिक वेळ रोखता येतो. तेव्हा रक्तात ऑक्सिजनचा जादा साठा होतो का?

प्रतिसाद:

तुमची शंका रास्त आहे. ही तगमग मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. श्वास रोखला तरी पेशी तो वायू तयार करतच राहतात. रक्तातून तो मेंदूभोवतीच्या द्रवात सहज शिरतो, तेथे पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल बनवतो, आणि ही वाढलेली आम्लता लंबमज्जेजवळचे (मेंदूच्या खालच्या टोकाच्या भागाजवळचे) संवेदक टिपून श्वसनकेंद्राला चेतवतात. धमनीतील रक्तात या वायूचा दाब सुमारे ४० मिलिमीटर पारा असतो. त्यात काही मिलिमीटरची भर पडली तरी श्वसन ठळकपणे वाढते. श्वसनाचे नियमन प्रामुख्याने या वायूवर चालते, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये दाखवून दिले. छातीची हालचाल थांबण्याचाही तगमगीत काही वाटा असतो.

ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारे संवेदक मानेतील धमन्यांपाशी आहेत, पण ऑक्सिजनचा दाब नेहमीच्या सुमारे ९५ वरून ६० मिलिमीटरच्या आसपास उतरेपर्यंत ते फारसा जोर धरत नाहीत. त्या पातळीलाही हिमोग्लोबिन (रक्तातील ऑक्सिजन वाहून नेणारे प्रथिन) ऑक्सिजनने सुमारे ९० टक्के भरलेलेच असते, त्यामुळे निरोगी माणसात एवढ्याने चालून जाते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर जवळजवळ नाही असेच आहे. शांत श्वसनातही हिमोग्लोबिन ९७ टक्क्यांच्या आसपास भरलेले असते, तेव्हा त्यात आणखी भर पडायला जागाच फार थोडी. भराभर श्वास घेतल्याने खरोखर बदलते ते कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण: ते खाली जाते, म्हणून श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते. याच वेळी मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरल्यासारखे होते.

हा भाग शिकवताना एक गोष्ट आवर्जून सांगा. पाण्यात बुडी मारण्यापूर्वी असे भराभर श्वास कधीही घेऊ नयेत, कारण निकड जाणवण्याआधीच ऑक्सिजन धोकादायक पातळीपर्यंत घसरून पाण्याखाली शुद्ध हरपू शकते, आणि त्याआधी तगमगीची सूचना मिळेलच असे नाही. वर्गातही हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घेऊ नका.