अनुभव धागा: राजवाड्यात भांडी कोण घासतं?

मुलांसोबत कार्टून सिनेमे बघणाऱ्या आणि स्वतः ते बघत मोठ्या झालेल्या सगळ्यांसाठी हा धागा. विषय आहे राजे, राण्या, राजकन्या आणि मुख्य म्हणजे त्यांच्या आजूबाजूची माणसं: आचारी, पहारेकरी, मोलकरणी, बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बायका.

डिस्नीचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट 'स्नो व्हाइट' १९३७ साली आला. त्यात राजकन्या सुरुवातीलाच ठिगळं लावलेल्या कपड्यांत पायऱ्या घासताना दिसते. १९५० च्या 'सिंड्रेला'त खानदानी घरातल्या मुलीला तिच्याच घरात मोलकरीण केलं जातं. दोघींसाठी आपला जीव तुटतो, कारण हे काम त्यांच्या वाट्याचं नव्हतं असं गोष्ट आपल्याला सांगते. मग जिच्या आईनेही पायऱ्याच घासल्या, तिची गोष्ट कुठे आहे? मुंबईत दहाव्या मजल्यावरची मुलगी आणि तिच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी एकच सिनेमा बघतात. दोघींना त्यात काय दिसतं, हे मला मनापासून जाणून घ्यायचं आहे.

मोकळेपणाने लिहा. नेमका प्रसंग सांगितलात तर फार बरं.

परळ, परिचारिका

माझी आई दादरला चार घरची धुणीभांडी करायची. सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे. एका घरी 'ब्युटी अँड द बीस्ट'ची सीडी होती, ती सारखी लागायची आणि मी हॉलच्या कडेला बसून बघायचे.

दारात आलेल्या म्हातारीला राजपुत्र हाकलतो, म्हणून त्याला शाप मिळतो. बरोबरच आहे. पण शाप अख्ख्या वाड्याला लागतो. घड्याळ, मेणबत्त्यांचा स्टँड, किटली, पिसांचा झाडू, कपाट ही सगळी तिथली नोकरमाणसं. त्यांनी कुणाला हाकललं होतं? किटलीचा मुलगा म्हणजे टवका उडालेला एक छोटा कप. तो इतर कपांबरोबर फडताळात झोपतो. मला त्या सिनेमातलं सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर तो कप. जिथे आईचं काम, तिथेच त्याचं सगळं जग. पुढे ती मेणबत्ती गाण्यात म्हणते की सेवा करायला कुणी नाही म्हणून आम्ही गंजत पडलोय. सुट्टी मिळाली की माझ्या आईचा चेहरा कसा खुलायचा, ते मी पाहिलंय. सकाळी डोक्यावरून न्हायची आणि मावशीकडे वरळीला जायची. मालकाच्या सेवेवाचून गंजणारा नोकर ही मालकाच्या डोक्यातली कल्पना आहे, असं मला तेव्हा सांगता आलं नसतं, पण खटकायचं.

'ॲरिस्टोकॅट्स' (१९७०) भाचीबरोबर पाहिला. पॅरिसमधली श्रीमंत बाई सगळी इस्टेट मांजरांच्या नावावर करते. बटलरचा नंबर मांजरांनंतर. त्या घरात नोकर म्हणून दिसणारा माणूस एवढाच, आणि खलनायकही तोच. मांजरांना पळवणं वाईटच, त्याबद्दल वाद नाही. पण एका घरी कानातलं हरवलं तेव्हा माझ्या आईची पिशवी जमिनीवर उलटी केली होती. डबा, छत्री, फणी, लोकलचा पास, सगळं फरशीवर. कानातलं दुपारी उशीच्या अभ्र्यात सापडलं. आईने सगळं परत एकेक करून पिशवीत भरलं आणि राहिलेली भांडी घासली. घरातली वस्तू गेली की नजर आधी कुणाकडे वळते, हे मुलं अशाच गोष्टींतून शिकतात. भाचीला मी सिनेमा मध्येच थांबवून आजीची ही हकीकत सांगितली.

सायन, रिक्षाचालक

आम्ही संक्रमण शिबिरात राहतो. इमारत पाडून बरीच वर्षं झाली, नवीन घराचा पत्ता नाही. मुलाने 'श्रेक' हिंदीत लावला होता, मी जेवता जेवता बघत होतो. तिथला सत्ताधीश लॉर्ड फारक्वाड, त्याचे शिपाई परीकथेतल्या सगळ्या जीवांना पकडून आणतात. टेबलापुढे रांग लागते, एकेकाची नोंद होते, पकडून देणाऱ्याला पैसे मिळतात. मग सगळ्यांना श्रेक नावाच्या राक्षसाच्या दलदलीत नेऊन टाकतात. फारक्वाडचं शहर मात्र एकदम चकचकीत, रस्ते सरळ, माणूस दिसत नाही.

मला पटलं ते पुढचं. श्रेक आधी त्या लोकांवरच ओरडतो, की माझ्या जागेत का आलात. आमच्याकडे नवीन कुटुंबं आली तेव्हा पाण्याच्या टाकीवरून अशीच भांडणं झाली. ज्याने हलवलं तो लांब, आणि हलवलेले एकमेकांच्या अंगावर. नंतर श्रेक थेट फारक्वाडकडे जातो आणि शेवटी जागेचा कागद हातात घेऊनच परत येतो. मुलगा म्हणाला, "बाबा, आपला कागद कुणाकडे आहे?" त्याला फाइल काढून सगळे कागद दाखवले. सहावीतला मुलगा आहे, त्याला कळलं पाहिजे.

लालबाग, शिक्षिका

मी थोडी वेगळ्या बाजूने बोलणार आहे. १९८२ च्या संपानंतर वडिलांची गिरणी परत सुरू झालीच नाही. आई साड्यांना फॉल-बिडिंग करून घर चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा जण. त्या खोलीत मी 'सिंड्रेला' पाहिला आणि मला तो जिवापाड आवडला, अजूनही आवडतो. राजपुत्राचा चेहरा मला आठवत नाही. आठवतं ते हे, की उंदीर आणि पक्षी मिळून तिचा झगा शिवतात, सावत्र बहिणी तो अंगावरच टराटरा फाडतात आणि तरी ती त्या रात्री बाहेर पडते. एक अख्खी संध्याकाळ तिला कुणी काम सांगत नाही! माझ्या आईला अशी एक संध्याकाळ मिळावी, असं मला वाटायचं.

राजकन्यांवर टीका जरूर करा. पण चाळीतल्या मुलीने झुळझुळीत झग्याचं स्वप्न पाहिलं तर तिला अडाणी ठरवू नका. तिला सिंहासन नको असतं, विश्रांती हवी असते.

अंधेरी, डबिंगच्या क्षेत्रातून

आमच्या कामात पात्राचा वर्ग पहिल्या वाक्यात ऐकू येतो. राजा, राणी, ऋषी यांच्या तोंडी स्वच्छ, भारदस्त हिंदी. हसवणाऱ्या सोबत्याच्या तोंडी बंबइया. २०१९ च्या 'द लायन किंग'च्या हिंदी आवृत्तीत सिंहांचा राजा मुफासा याला शाहरुख खान यांचा आवाज आहे, तर हसवणारा सोबती टिमॉन याला श्रेयस तळपदे यांचा, आणि टिमॉन आपल्या मुंबईच्या बोलीत बोलतो. श्रेयस यांनी कमाल केली आहे, थिएटर डोक्यावर घेतलं होतं मुलांनी. पण या शहरात लाखो लोक ज्या बोलीत प्रेम करतात, भांडतात, मयताला खांदा देतात, ती पडद्यावर फक्त हसण्यासाठी का यावी?

१९९४ च्या मूळ इंग्रजी सिनेमावर याच अंगाने टीका झाली होती. तरसांचे आवाज अमेरिकेतल्या शहरी गरीब वस्त्यांमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकांच्या बोलण्याची आठवण करून देतात, असं अनेकांनी म्हटलं. उजेड पोचतो तेवढं राज्य सिंहांचं, आणि तरस राहतात अंधारात, हत्तींच्या स्मशानात. ते उपाशी आहेत हे सिनेमा दाखवतो, पण त्यांना सीमेबाहेर कुणी आणि का ठेवलं, हे विचारत नाही. ते आत आले की पाऊस थांबतो, कुरणं करपतात. खऱ्या वारसाने गर्जना केली की सगळं पुन्हा हिरवं. म्हणजे राज्य कुणी करायचं हे निसर्गानेच ठरवलंय, हे सहा वर्षांच्या मुलाच्या मनावर गाण्यासकट कोरलं जातं. गाणी अप्रतिम आहेत, म्हणूनच ते खोल जातं.

भांडुप, बालवाडी सेविका

आमच्या मुलांचा राजा म्हणजे ढोलकपूरचा राजा इंद्रवर्मा. 'छोटा भीम' २००८ पासून चालू आहे, आता पहिली पिढी कॉलेजात गेली. त्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते: भीम, चुटकी, राजू दरबारात सरळ आत जातात. दारावर कुणी अडवत नाही, राजकन्या इंदुमती त्यांच्याबरोबर खेळते. आणि टुनटुन मावशी लाडू विकून पोट भरते, तिला गावात मान आहे.

गेल्या उन्हाळ्यात वस्तीत आठवडाभर नळाला पाणी नव्हतं. एक चार वर्षांचा मुलगा आईला म्हणाला, चल, राजाला सांगूया. आई त्याला घेऊन खरंच साहेबांच्या कचेरीत गेली. बाहेर बाकावर बसवून ठेवलं, मग सांगितलं, अर्ज लिहून आणा. मुलगा मला दुसऱ्या दिवशी विचारत होता, की राजाच्या घरी एवढ्या खुर्च्या का असतात आणि राजा त्यातल्या एकाही खुर्चीवर का नसतो. मी वस्तीतल्या बायकांना जमवून अर्ज लिहून दिला, वर सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले. टँकर आला.

विलेपार्ले, पोळीभाजी केंद्र

'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' (२००९) कुणीच कसा आणला नाही? टियाना न्यू ऑर्लिन्समधली, आई शिवणकाम करणारी, स्वतः दोन-दोन पाळ्या करून टिपचे पैसे डब्यांत साठवणारी. तिला स्वतःचं रेस्टॉरंट काढायचं असतं. जागेचे मालक ऐन वेळी जास्त बोली आली म्हणून मागे फिरतात आणि वर ऐकवतात की तुझ्यासारख्या पार्श्वभूमीच्या बाईला एवढा धंदा झेपला नसता. मला कर्जाच्या टेबलावर अगदी हेच ऐकवलं होतं, फक्त आवाज गोड होता. शेवटी बचतगटातून पैसे उभे केले.

माझी तक्रार एकच. एवढं राबून टियाना आधी राजपुत्राशी लग्न करून राजकन्या होते आणि मग तिचं हॉटेल उघडतं. लग्नाशिवाय उघडलं असतं तर काय बिघडलं असतं? तरी त्या सगळ्या राजकन्यांत पीठ, तेल आणि भाड्याचा हिशोब कळणारी ही एकटीच, म्हणून माझी लाडकी.

दादर, फॅन्सी ड्रेस भाड्याने देते

थोडक्यात लिहिते. 'फ्रोझन'मधल्या एल्साचा निळा झगा आणि कोळणीचा पोशाख, दोन्ही वर्षभर बाहेर. कोळीण होऊन स्टेजवर जाणाऱ्या मुलीला टोपलीतले प्लास्टिकचे मासे मी देते. एकदा खऱ्या कोळीणबाई नातीसाठी आल्या. नातीला निळा झगा हवा होता. आजीने कापड बोटांत चुरडून पाहिलं, भाव केला आणि म्हणाल्या, "दे, हिला एल्साच कर. कोळीण ती घरी हायच."

गिरगाव, निवृत्त बँक कर्मचारी

आमच्या पिढीचा राजा सिनेमातून आला नाही, दिवाळीच्या किल्ल्यावरून आला. चाळीच्या चौकात माती, दगड, गोणपाट, वर हळीव पेरलेलं. सगळ्यात वर सिंहासनावर महाराज. पण त्यांच्याखाली कोण कोण असायचं आठवा: मावळे तर असायचेच, शिवाय नांगर धरलेला शेतकरी, जात्यावर बसलेली बाई, भाजीवाली, वाणी, गवळण. गावाशिवाय किल्ला पुरा होत नसे. नातवाबरोबर परदेशी सिनेमातला राजवाडा पाहिला की मला पहिलं जाणवतं ते रिकामेपण. एवढ्या मोठ्या दालनांना झाडू कुणी मारला?

महाराजांचं चिपळूणजवळच्या लष्कराला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात घोड्यांचा दाणा-वैरण पुरवून वापरा, नाहीतर तुम्ही कुणब्यांच्या घरचा दाणा, गवत, लाकूडफाटा, भाजी घ्याल आणि लोकांना मोगल बरे वाटतील, असं बजावलंय. रात्री दिव्याची जळती वात उंदराने नेली तर गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत काळजी. राजाचं काम म्हणजे हे. वैरणीचा हिशोब करणारा राजा कुणी ॲनिमेशनमध्ये नीट काढला, तर मुलं खिळून बसतील याची मला खात्री आहे.

धारावी, चामड्याच्या बॅगांचा कारखाना

'कोको' (२०१७) बघा. मेक्सिकोतलं रिव्हेरा कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या बूट बनवतं. नवरा गाण्यासाठी घर सोडून गेला, तेव्हा पणजीच्या आईने बूट बनवायला शिकून घर उभं केलं. पोरीला शिकवलं, पुढे जावयालाही. भिंतीवर लाकडी फर्मे, मांडीवर चामडं, आणि कुणाच्या तोंडावर लाज नाही. शाळेत वडिलांचा धंदा विचारला की मी 'बिझनेस' एवढंच सांगायचो, कारण पुढचं सांगितलं की बाकावरचा मुलगा सरकून बसायचा. माझ्या मुलीने मात्र हा सिनेमा बघून आजोबांकडून चामडं कापायची रापी आणि टोचायची आरी मागून घेतली, कशाला काय म्हणतात ते विचारलं आणि वर्गात नेऊन दाखवलं.

त्यात मेलेल्यांच्या दुनियेतही वर्ग आहेत, हे कुणाच्या लक्षात आलं का? प्रसिद्ध गायकाचा उंच महाल, आणि ज्यांचा फोटो कुणी लावत नाही त्यांची खाली मोडकी झोपडपट्टी. त्या झोपडपट्टीतले लोक एकमेकांना भाऊ, काका, मावशी म्हणतात.

कारागिराच्या घरातलं मूल नायक असलेला मराठी ॲनिमेशनपट कुणाला माहीत असेल तर इथे नाव लिहा. लोहार, कुंभार, बुरूड, कुणाचंही चालेल. मुलगी वाट बघतेय.