दुसरीचा वर्ग आणि ‘स्किन कलर’चा खडू

खडूफळा: माझ्या वर्गात चित्रात माणूस आला की सगळी मुलं एकच फिक्कट गुलाबी खडू मागतात, ‘स्किन कलर’ म्हणून. मधल्या सुट्टीत एकाला ‘ए काळ्या’ हाक पडते. रागावलं की तेवढ्यापुरतं थांबतं. पांढरं आणि तपकिरी अंडं फोडून ‘आत सारखंच’ दाखवायचा उपक्रम घ्यावा का?

चित्रवही: अंडं नको. गावरान अंडं महाग असतं हे मुलांना घरूनच माहीत असतं; गाडी लगेच ‘कुठलं भारी’वर जाते. शिवाय ‘आत सारखं’ म्हटलं की बाहेरचा रंग म्हणजे काणाडोळा करायची गोष्ट ठरते.

त्यापेक्षा रंग कालवायला लावा. ४-४ जणांचे गट, पोस्टर कलर. पिवळा २ चमचे, लाल १ चमचा, निळा फक्त ब्रशच्या टोकावर. तपकिरी तयार होतो. मग प्रत्येकाने पांढरा घालत आपल्या मनगटाशी जुळवायचा. निळा जास्त पडला तर राखाडी चिखल होतो. काळा देऊच नका, पिवळ्यात मिसळून शेवाळी होतो. कागदाच्या पट्टीवर लावा, वाळू द्या, मगच हाताशी धरा. ओला रंग फसवतो. छटेला नाव मुलांनीच द्यायचं: गूळ, खारीक, भाजका शेंगदाणा. गोऱ्यातल्या गोऱ्यालाही तेच चार रंग लागले, हे पोरांना हातानेच कळतं.

पट्ट्या भिंतीवर फिक्या ते गडद अशा ओळीने मात्र लावू नका. क्षणात ‘पहिला नंबर’ ठरतो!

खडूला ‘फिक्कट गुलाबी’च म्हणा. अमेरिकेत क्रेयोला या खडू कंपनीने ‘फ्लेश’ (अंगाचा रंग) हे खडूचं नाव १९६२ साली बदलून ‘पीच’ केलं, हेही सांगा.

खडूफळा: आणि डोळ्यांच्या रंगावरून गट पाडून एका गटाला कमी लेखायचा प्रयोग?

पाटीपेन्सिल: तो जेन इलियट या शिक्षिकेने १९६८ साली अमेरिकेतल्या आयोवात तिसरीच्या वर्गावर केला. दुसरीत अजिबात करू नका. कमी लेखलेलं मूल खरंच कोमेजतं आणि एका तासात ते सावरत नाही.

हाकेचं तिथल्या तिथे बोला: ‘रंग सांगणं वेगळं, रंगावरून हाक मारणं वेगळं. त्याचं नाव काय?’ ज्याला चिडवलं त्याला वर्गापुढे उभं करू नका, नंतर एकटं गाठा.

आणि आपली जीभही तपासायला हवी. ‘सावळी असली तरी हुशार’ यातला ‘तरी’ मुलं बरोबर टिपतात. स्नेहसंमेलनात परी कोण, राक्षस कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा.