डेल लॅटिट्यूड ई६४२० लॅपटॉपमध्ये आय७ प्रोसेसर चालेल का? दुकानदार म्हणतोय सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) तोच आहे

पॅटर्नवाला_उद्यमनगर

नमस्कार मंडळी. आमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं पॅटर्न शॉप आहे, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो लाकडी नमुना आम्ही करतो. बाबा सागवानात हातानं पॅटर्न करतात, मी तीच कामं संगणकावर कॅडमध्ये काढून राउटरवर (संगणकावर चालणारं कोरायचं यंत्र) एमडीएफमध्ये, म्हणजे दाबीव भुशाच्या फळीत, घेतो. गिऱ्हाईक म्हणजे शिरोलीच्या फौंड्र्या, ओतकामाचे कारखाने. पंपाचं केसिंग, व्हॉल्व्ह बॉडी, असली कामं.

लॅपटॉप डेल लॅटिट्यूड ई६४२०, जुना घेतलेला. आय५-२५२०एम, ४ जीबी रॅम, ३२० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. आधी एका केसिंगचा टूलपाथ (राउटरच्या पात्यानं फिरायची वाट) निघायला पंधरा-वीस मिनिटं लागायची. दिवाळीपासून त्याच कामाला तास जातोय. परवा गिऱ्हाईक शेजारी बसून होतं आणि साधं मॉडेल फिरवायचं म्हटलं तरी पडदा अडकत होता. मला फार वाईट वाटलं, कारण काम आमचं चोख असतं.

शाहूपुरीत एका दुकानात विचारलं. ते आय७-३६१२क्यूएम साडेतीन हजारात देतो म्हणाले, "सॉकेट तोच आहे, डोळे झाकून बसव." नवा लॅपटॉप आत्ता जमणार नाही, राउटरचा हप्ता चालू आहे. हा प्रोसेसर चालेल का? आणि बसवल्यावर विंडोज ११ पडेल का?

अजून एक, उपयोगी असेल तर: बॅटरी गेलेली आहे, चार्जच होत नाही, त्यामुळं कायम चार्जर लावूनच वापरतोय. चालू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येतं, बटण दाबलं की पुढं जातंय.

रंकाळाकाठ

भावा, बिनधास्त टाक. मी माझ्या एचपीत आय३ काढून आय७ टाकलाय, लई फरक पडला. प्रोसेसरवर उष्णता वाहून न्यायची पेस्ट तेवढी चांगली लाव.

बोर्डदुरुस्ती_टाकाळा

पॅटर्नवाले दादा, थांबा. साडेतीन हजार आत्ता खिशातच राहू देत. मी लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करते, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

दुकानदार म्हणाले ते अर्धं खरं आहे. दोन्ही प्रोसेसर ९८८ पिनांचे, पिना बरोबर बसतील. पण तुमचा २५२०एम दुसऱ्या पिढीचा, सँडी ब्रिज, २०११ चा. ३६१२क्यूएम तिसऱ्या पिढीचा, आयव्ही ब्रिज, २०१२ चा. तुमच्या बोर्डावर क्यूएम६७ चिपसेट (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणारी चिप) आहे आणि बोर्डाचा बायोस, म्हणजे चालू होताना आधी चालणारा प्रोग्राम, तिसऱ्या पिढीला ओळखत नाही. बसवाल, बटण दाबाल, पंखा फिरेल आणि पडदा काळाच राहील. साच्यातल्या खाचेत (कोअर प्रिंट) पोकळी राखणारा वाळूचा कोअर चपखल बसला म्हणून कास्टिंगची जाडी बरोबर येतेच असं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. रंकाळाकाठ यांचं काम झालं ते बहुतेक त्यांच्या बोर्डाच्याच पिढीचा प्रोसेसर मिळाला म्हणून.

अजून एक सापळा. ३६१२क्यूएम याच नावानं पिनांचाही येतो आणि बोर्डाला सोल्डर करायचाही. विकत घेताना उलटा करून पिना डोळ्यांनी बघायच्या, नुसत्या नावावर जायचं नाही. ज्यांच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'यू' आहे त्यांनी तर हा विचारच सोडावा, तो बोर्डालाच चिकटवलेला असतो. चौथ्या पिढीत 'एमक्यू' निघतो, 'एचक्यू' निघत नाही. पाचव्या पिढीपासून इंटेलचे लॅपटॉपसाठीचे प्रोसेसर बदलायची सोयच राहिली नाही.

पण मला खरी शंका वेगळीच आहे. बॅटरी चार्ज होत नाही आणि सुरुवातीला काळ्या पडद्यावर संदेश येतो म्हणता. त्यात 'एसी पॉवर अडॅप्टर टाइप' असे शब्द आहेत का बघा. डेलच्या चार्जरच्या पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून चार्जर बोर्डाला सांगतो की मी इतक्या वॅटचा आहे. डुप्लिकेट चार्जर असेल किंवा ती सुई वाकली-तुटली असेल तर बोर्डाला काहीच कळत नाही. मग तो बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरला अगदी खालच्या वेगावर बांधून ठेवतो. असल्या लॅपटॉपात तुम्ही कुठलाही आय७ घाला, तो असाच रांगणार.

दोन गोष्टी करा. टूलपाथ चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा आणि वेग किती दिसतो ते लिहा. दुसरं, चार्जर दिवाळीच्या सुमारास बदललाय का?

पॅटर्नवाला_उद्यमनगर

ताई, काय सांगू. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातच चार्जर बदलला होता. जुन्याची वायर खुर्चीच्या चाकाखाली तुटली, म्हणून स्वस्तातला आणला. संदेशात तेच शब्द आहेत. आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १०० टक्के, वेग ०.७८ गिगाहर्ट्झ. तासभर बघत बसलो, आकडा हललाच नाही.

काल मामेभावाचा डेल कंपनीचा ९० वॅटचा चार्जर आणून लावला. संदेश गेला. बॅटरीचा दिवा लागला, जी बॅटरी मी भंगारात टाकणार होतो ती आज ६० टक्क्यांवर आहे. वेग ३ गिगाहर्ट्झच्या वर गेला.

पण दहा मिनिटांनी परत हळू. प्रोसेसरचं तापमान बघितलं तर ९७ अंश. मग खालचं झाकण काढून पंखा सोडवला. पंखा आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या यांच्यामध्ये एमडीएफच्या भुशाचा थर बसला होता, घोंगडीच्या तुकड्यासारखा. नखानं उचलला तर अख्खा, चौकोनी, पट्ट्यांच्या रेघा उमटलेला निघाला. राउटर आणि लॅपटॉप एकाच खोलीत आहेत, दुसरं काय होणार. पेस्ट वाळून पांढरी भुकटी झाली होती, पुसून नवी लावली. आता पूर्ण लोडवर ७९.

तोच टूलपाथ आज सोळा मिनिटांत निघाला. बाबांना दाखवलं.

आता हे सगळं झाल्यावरही प्रोसेसर बदलण्यात अर्थ आहे का?

जुना_ग्राहक

विंडोज ११ चं मी सांगतो. अधिकृतपणे नाही होणार, प्रोसेसर कुठलाही घातला तरी. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप). या बोर्डावर दुसऱ्या पिढीच्या पुढं जाताच येत नाही. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडचा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कोरायच्या राउटरला जोडलेला हा लॅपटॉप इंटरनेटपासून तोडा, फाइली पेन ड्राइव्हवरून न्या, मेल आणि बँकेचं काम दुसऱ्या मशीनवर करा. आणि ड्रॉइंगची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवाच.

बोर्डदुरुस्ती_टाकाळा

सोळा मिनिटं वाचून मनापासून बरं वाटलं.

आता प्रोसेसर. आय७-२६४०एम घेऊ नका. नावात आय७ असलं तरी कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) दोनच, तुमच्या आय५ इतकेच. तुमचा ३.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, तो ३.५ पर्यंत, एवढ्यासाठी पैसे घालण्यात अर्थ नाही. घ्यायचाच तर आय७-२७६०क्यूएम. चार कोअर, ६ एमबी कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी), आणि पिढी तुमचीच.

त्याआधी एक तपासा. टास्क मॅनेजरमधल्या सीपीयूच्या आलेखावर उजवी कळ दाबून 'लॉजिकल प्रोसेसर' निवडा. कोअर दोन असले तरी चार चौकोन दिसतील. टूलपाथ निघताना चारही भरले तर चार कोअरचा उपयोग होईल. एकच भरत असेल तर काही मिळणार नाही.

उष्णता मात्र लक्षात घ्या. तुमचा ३५ वॅटचा, तो ४५ चा. ७९ वर आहात म्हणून मी हो म्हणतेय, ९७ वर असता तर नाही म्हटलं असतं. चार्जर ९० वॅटचाच, ६५ चा नको. भुसा आहे तोवर महिन्यातून एकदा पंखा साफ करायचा.

बायोस जुना प्रोसेसर आत असतानाच अद्ययावत करा. डेलचा बायोस बॅटरी चार्ज नसेल तर अपडेट घेतच नाही, आता ती अडचण गेली.

बसवताना: बॅटरी काढा, चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणारा तांब्याचा भाग) स्क्रूंशेजारी आकडे असतात, त्या क्रमानं थोडे थोडे सैल करा. सॉकेटला कडेला एक मोठा स्क्रू आणि कुलपाचं चित्र आहे, तो अर्धा फेरा फिरवला की प्रोसेसर सुटतो. सरळ वर उचला. नव्याच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण आहे, तो सॉकेटच्या खुणेशी जुळवून ठेवा. आपल्या वजनानंच खाली बसला पाहिजे. बोटानं दाबावं लागलं तर थांबा, कुठंतरी पिन वाकलीय. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण नसतं, उघडं सिलिकॉन असतं, हीटसिंक तिरका दाबला तर कोपरा उडतो. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरे.

पण माझं ऐकाल तर आधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणि अजून एक ४ जीबी रॅम. डीडीआर३ घ्या, डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, बसत नाही. दोन पट्ट्या झाल्या की ग्राफिक्सही जरा मोकळं होतं, ते याच मेमरीवर चालतं.

पॅटर्नवाला_उद्यमनगर

तपासलं ताई. मॉडेल फिरवताना एकच चौकोन भरतोय, टूलपाथला चारही काठोकाठ. रॅम आणि एसएसडी या आठवड्यात, २७६०क्यूएम पुढच्या बिलाचे पैसे आले की. मूळचा ९० वॅटचा चार्जर मागवलाय. शाहूपुरीच्या दुकानात जाऊन तिसऱ्या पिढीचं सांगून आलो, त्यांनी लिहून घेतलं.

पुढं निघणाऱ्या आय५ च्या पिना वाकू नयेत म्हणून बाबांनी आत्ताच सागवानाची एक डबी केलीय, झाकण सरकतं, आत बरोबर मापाची खाच. माप मी व्हर्नियरनं घेऊन दिलं.