प्रतिसाद: संमती कोणाची होती?

वरील चर्चेत असे म्हटले गेले आहे की, भारतीय सैनिक स्वेच्छेने भरती झाले असल्यामुळे देश दुसऱ्या महायुद्धात स्वखुशीने उतरला. हे मला मान्य नाही. 3 सप्टेंबर 1939 रोजी ब्रिटनने युद्ध पुकारताच व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतही युद्धात असल्याचे जाहीर केले, आणि त्यापूर्वी येथील एकाही लोकनियुक्त नेत्याचे मत विचारले नाही. याच्या निषेधार्थ प्रांतांमधील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्याच साम्राज्यातील दक्षिण आफ्रिकेत मात्र हा प्रश्न संसदेत मतास टाकला गेला, कॅनडाने 10 सप्टेंबरला स्वतंत्र घोषणा केली आणि आयर्लंड तटस्थ राहिले.

सक्तीची भरती नव्हती, हे खरे. सुमारे 25 लाख माणसे सैन्यात गेली. पण शिपायाने पगारासाठी, घरासाठी किंवा परंपरेसाठी घेतलेला निर्णय हा राष्ट्राचा निर्णय ठरत नाही.

आम्हा ग्वाल्हेरकरांना संस्थानांचाही विचार करावा लागतो. 1914 मध्ये, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या वेळी, महाराज माधवराव शिंदे यांनी एक प्रवासी जहाज विकत घेतले आणि ‘लॉयल्टी’ या नावाने ते भारतीय सैनिकांसाठी रुग्णालयाचे जहाज झाले. जखमींची सेवा मोलाचीच होती (ती मी मुळीच कमी लेखत नाही), परंतु परराष्ट्रव्यवहार सार्वभौम सत्तेच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या, हाती असल्याने युद्धापासून अलिप्त राहण्याचा मार्ग संस्थानांना उपलब्धच नव्हता.