व्यायामात खंड पडल्यानंतर परत सुरुवात: तुमचे अनुभव सांगा

पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि जिम सुटली. ताप आठवडाभरात उतरला, अशक्तपणा मात्र कितीतरी दिवस मुरून राहिला. प्लेटलेट जागेवर येईपर्यंत वजनांना हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता परवानगी मिळालीय आणि नुसत्या रॉडवर (तीही २० किलोची असते) स्क्वॉट सुरू केलेत. आजारपण, बाळंतपण, बदली, कारण काहीही असो, ज्यांचा व्यायाम सुटला आणि परत जमला त्यांनी जरूर लिहा. पहिल्या पंधरवड्यात नेमकं काय केलंत, ते मला सगळ्यात जास्त हवं आहे.

—

मी कोल्हापूरचा, तालमीत वाढलेला. नोकरीपायी मेहनत सुटली. परत गेलो तेव्हा वस्तादांनी लढतीला उभंच केलं नाही. हातात फावडं दिलं, हौद्यातली माती उकर म्हणाले. त्यात खांदे, कंबर, मांड्या सगळं मोकळं होतं. मग थोडे जोर, थोड्या बैठका, आणि कुस्तीची जोड अगदी शेवटी. पूर्वी किती मारायचास, हे ते विचारतच नाहीत. बैठका एकदम वाढवल्या की मांड्या भरतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. तेवढ्यानं घाबरून घरी बसलेली पोरं मी पाहिलीत. दादा, त्या दिवशीही जायचं, हलकं करायचं.

—

माझं सिझेरियन झालं. सव्वा महिना घरातल्या घरात चालणं, एवढंच. नंतर डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावर फिजिओथेरपिस्टकडे गेले, आणि प्रत्येक बाळंतिणीला ही सोय मिळायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. पोटाच्या उभ्या स्नायूंमध्ये किती फट पडलीय ते तिनं बोटांनी मोजलं. सुरुवातीला फक्त पोटापर्यंत श्वास आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडणं. उठताना पोटावर मधोमध उंचवटा दिसला तर तो व्यायाम अजून आपला नाही, ही खूण तिनं दिली. सासूबाईंना हा व्यायामच वाटत नव्हता. पण खोकताना लघवी निसटायची ते यानंच थांबलं. बायका हे बोलत नाहीत, म्हणून इथे स्पष्ट लिहिते.

—

बदली झाल्यावर संध्याकाळची जिम जमेना. सकाळी अंघोळीआधी सूर्यनमस्कार सुरू केले, सावकाश, प्रत्येक स्थितीत श्वास सांभाळून. वेळ बदलली तरी चालते, सवय तुटू देऊ नका.

—

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. वरच्या ताईंच्या फिजिओनं छान सांगितलंय. सगळ्यांसाठी एक गोष्ट: पूर्वी कमावलेला स्नायू नव्यानं कमावण्यापेक्षा लवकर परत येतो. दमसास काही आठवड्यांतच घसरतो, पण नियमित चाललात की तोही सुधारतो. मागे राहतात ते स्नायूला हाडाशी जोडणारे कंडरे. त्यांना स्नायूंपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून महिन्याभरानं 'आता जमतंय' वाटून वजन चढवलं की टाच, गुडघा नाहीतर खांदा धरतो. माझ्याकडे येणारे बरेचसे याच टप्प्यावर येतात. रविवारी एकदम सिंहगड गाठणाऱ्यांनाही हेच सांगते. चढण्यापेक्षा उतरतानाच मांड्या जास्त दुखावतात, म्हणून आधी पर्वतीच्या पायऱ्या करा. आणि जोरदार व्यायामानंतर स्नायू सुजून लघवी काळपट, चहासारखी झाली तर शेकत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यानं मूत्रपिंडाला धोका पोचतो.

—

ठाण्याहून लिहितोय. साठी ओलांडलीय, अँजिओप्लास्टी झालीय. मला नाडी मंद ठेवणारी गोळी आहे, त्यामुळे हातातल्या घड्याळातल्या ठोक्यांवरून चालण्याचा वेग ठरवता येत नाही. डॉक्टरांनी साधं माप दिलं: चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. तलावपाळीला सौ. सोबत असते, ती बोलतं ठेवते. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी सुरुवातीला दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले, सकाळी एक, जेवणाआधी एक. छातीत आवळलं तर थांबायचं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय. चालणं संपवताना शेवटची काही मिनिटं हळूहळू चालतो, कारण एकदम थांबलं की मला चक्कर येते.